देव्हाऱ्यातला दगड

आमची ओळख भांडणातून झाली, आणि भांडण माशाच्या वासावरून. वेंगुर्ल्याच्या बाईनं हे कबूल करणं लाजेचंच आहे, पण झालं तसं झालं. बहारीनमधल्या जुफैरच्या आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट. समोरच्यात कुणी नवीन राहायला आलं आणि तिसऱ्याच दिवशी लिफ्टपासून आमच्या दारापर्यंत असा उग्र वास सुटला, की मी ओढणी कमरेला खोचून तिचं दार वाजवलं. तीस-पस्तिशीच्या, ठेंगण्या, हसऱ्या बाईनं दार उघडलं. मागे गॅसवर सुकी कोळंबी परतत होती. मी कमरेची ओढणी सोडली. माझ्या घरी फ्रीजच्या तळाशी तीन पिशव्यांत गुंडाळलेलं सुकट आणि बोंबील होते. ते भाजायला काढले की मी आधी उदबत्ती लावायची आणि मग वॉचमनला फोन करून 'ड्रेनेजचा वास येतोय, बघा' म्हणून सांगायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तिनं मला आत ओढलं, खुर्चीवर बसवलं आणि ताटलीभर कोळंबी पुढे केली. मी ती सगळी खाल्ली.

ती व्हिएतनामची. जवळच्याच एका हॉटेलच्या सलूनमध्ये नखं रंगवायचं काम करायची. मला 'ची' म्हणायची. म्हणजे थोरली बहीण, असं तिनंच सांगितलं. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अडलं की इथल्या अरबीतलं खलास म्हणजे संपलं, मफी म्हणजे नाही, आणि त्यातूनही अडलं की हात. इथं मी ते सरळ मराठीतच सांगते.

तिचं गाव दो सॉन. समुद्रकाठचं, सुट्टीत शहरातल्या लोकांनी भरून जाणारं, अगदी आपल्या मालवणासारखं. टेकड्या, तीन पुळणी, फ्रेंचांच्या काळातले बंगले, ओळीनं हॉटेलं, आणि त्या हॉटेलांच्या मागच्या गल्लीत गावकऱ्यांची घरं. नदीच्या गाळानं तिथलं पाणी मातकट असतं म्हणे. इथल्या समुद्राबद्दल तिला विचारलं, तर नाक मुरडून म्हणाली, "फार स्वच्छ आहे. यात कोण राहत असेल?" मला आधी वाटलं ती माशांबद्दल बोलतेय. ती देवांबद्दल बोलत होती.

तिची एक मुलगी होती, आणि ती मुलगी दो सॉनला तिच्या आईपाशी होती. नवऱ्याशी फारकत झाली तेव्हा मुलगी तीन वर्षांची. हिनं तिला आईच्या हवाली केलं आणि इथं आली. पुढची पाच वर्षं तिनं एकच ध्यास धरला होता, मुलीला इथं आणायचं. सलूनची इनचार्ज झाली तेव्हा कुठे मुलीचा व्हिसा मिळाला. व्हिसाचा कागद दाखवायला ती ओल्या केसांनी आमच्या घरी धावत आली होती. मी साखर दिली हातावर. पण साखर खातानाच ती म्हणाली, "आईनं एक अट घातलीय. टेटपर्यंत पोरगी इथं रमली नाही, तर टेटला तिला परत न्यायचं. आणि मग पुन्हा मागायची नाही." टेट म्हणजे त्यांचं नवं वर्ष, जानेवारी-फेब्रुवारीत कधीतरी येतं. तेव्हा सप्टेंबर चालू होता. मी म्हटलं, पोर आईकडे येऊन रमणार नाही तर कुठे रमणार? मला नेहमी बोलून बसायची सवय आहे.

मुलगी आली. आठ वर्षांची, काटक, कपाळावर सरळ कापलेले केस. विमानतळावर मीही गेले होते. आईनं धावत जाऊन मिठी मारली, तर पोर हात दोन्ही बाजूंना सोडून उभी राहिली. नंतर आईला वाकून नमस्कार केला. पाव्हण्यांना करतात तसा. पुढचे कितीतरी आठवडे तेच. आईनं वाढलं की 'थँक्यू', आईनं हाक मारली की उठून उभी. हट्ट नाही, रुसणं नाही, रडणंसुद्धा नाही. "सलूनला येणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी जशी वागते ना, तशी ती माझ्याशी वागते," समोरची एकदा म्हणाली.  हट्टी पोर परवडलं, पण असलं शहाणं पोर नको.

शाळेची बस तिला दीडला सोडायची आणि आई यायची सातला. मधला वेळ ती आमच्याकडे. मी शाळेच्या लायब्ररीतून नुकतीच निवृत्त झालेली, मुलगा शिकायला परदेशी. त्याला मी मराठीत विचारायचं आणि त्यानं इंग्रजीत 'फाइन' म्हणायचं, एवढंच आमचं बोलणं. घर खायला उठत होतं. त्यामुळे मी या पोरीवर उपकार करत होते असं कुणी समजू नये. मला ती हवी होती. मी तिला 'मावशी' म्हणायला शिकवलं आणि तिनं ते पहिल्या दिवशीच उचललं.

रोज तीन वाजता माझ्या फोनवरून आजीला व्हिडिओ कॉल. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात. आजी जेवायला बसलेली असायची, बारीक अंगाची, केसांचा घट्ट अंबाडा, फोन कधीच नीट न धरणारी. निम्मा वेळ आम्हांला तिचा कानच दिसायचा. आणि ही मुकी पोर तिच्यासमोर अशी सुटायची, की बघत राहावं. खिदळायची, ओरडायची, हातवारे करायची, रुसायचीसुद्धा. फोन बंद झाला की पुन्हा आपली घडी घालून गप्प. आई त्या वेळी कामावर, त्यामुळे तिनं हे कधी पाहिलं नव्हतं. रात्री ती विचारायची, "आज कशी होती?" मी सांगायची, "छान होती, गप्पच असते पण." पोरगी आजीशी कशी हसते हे मी तिला सांगितलं नाही. लपवलंच म्हणा ना.

गावाच्या गोष्टी मला पोरीनंच सांगितल्या. शाळेत इंग्रजी चार शब्द यायला लागले होते, आणि बाकीचं माझ्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी भागवलं जायचं. एकदा तिनं दोन नारळ घेतले आणि ओट्यावर एकमेकांवर आपटायला लागली. मी ओरडणार, तेवढ्यात कळलं की ते रेडे आहेत. फार पूर्वी दो सॉनच्या लोकांना समुद्रात लाटांवर दोन रेडे झुंजताना दिसले. माणसं जवळ गेली तर रेडे पाण्यात गडप. तेव्हापासून गावात दरवर्षी रेड्यांची झुंज लावतात. मी विचारलं, "मग जिंकतो त्याला काय मिळतं?" तिनं गळ्यावरून बोट फिरवलं. जिंकलेल्यालासुद्धा देवाला देतात. हे सांगताना तिला जराही वाईट वाटलं नाही, मला मात्र दिवसभर त्या जिंकलेल्या रेड्याचं वाईट वाटत राहिलं.

दुसरी गोष्ट गवत कापणाऱ्या मुलीची. कड्यावर गवत कापता कापता गायची. होडीतून जाणाऱ्या सरदारानं आवाज ऐकला, भुलला, राहिला, निघून गेला. मुलीला दिवस गेले. गावानं तिला दगड बांधून समुद्रात ढकललं. ती म्हणाली, माझी चूक नसेल तर मी तीनदा वर येईन. तीनदा आली. आता त्याच कड्यावर तिचं देऊळ आहे, आणि आजी दर महिन्याला तिथं फुलं घेऊन जाते. "सरदार परत आला?" मी विचारलं. "आला. उशिरा," पोरगी म्हणाली. आपल्याकडेही विहिरीत उडी घेतलेल्या पोरींची नंतर देवी होते. आधी जीव घ्यायचा आणि मग ओटी भरायची, हे सगळीकडे सारखंच दिसतंय.

आणि तिसरी गोष्ट बेटाची. पुळणीवरून समोर दिसतं, होडीनं जायचं. कुणा सेनापतीचं प्रेत तिथं वाहत आलं आणि मुंग्यांनी त्याच्यावर माती चढवून रातोरात वारूळ केलं. तो आता त्या समुद्राचा राखणदार, होड्या सांभाळतो. बेटावर दाट झाडी आहे, आणि नियम असा, की तिथून काही म्हणजे काही न्यायचं नाही. पान नाही, काटकी नाही, खडा नाही. नेलं तर देव मागे लागतो, आणि नेणाऱ्याला ते परत ठेवायला यावंच लागतं. लांबलांबची माणसं सुट्टीत येऊन शंखशिंपले खिशात घालून जातात आणि वर्षाच्या आत घाबरून परत आणून ठेवतात म्हणे.

हे ऐकून मी तिला आमच्या गावच्या देवाच्या राईची गोष्ट सांगितली. तिथल्या वाळक्या फांदीलासुद्धा हात लावायची आमची छाती नव्हती. एकानं तिथलं लाकूड चुलीला वापरलं, तर त्याचं घर बसलं. "घर पडलं?" तिनं डोळे मोठे करून विचारलं. मी म्हटलं, पडलंच. ती बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. मला वाटलं, गोष्ट आवडली.

डिसेंबरात समोरचीचा पाय सलूनमधल्या ओल्या फरशीवरून घसरला आणि उजवा हात मनगटात मुरगळला. नखं रंगवणाऱ्या बाईचा उजवा हात. महिनाभर पट्टी, तरी इनचार्ज म्हणून ती रोज कामावर जायची. मी भाकऱ्या आणि आमटी पोचवत होते. पोरगी आईच्या हाताकडे बघायची आणि नजर चुकवायची.

त्याच सुमारास आमचे हे गावच्या जत्रेहून परत आले. सोबत नारळ, सोलं, कुळीथ. आणि दोन दिवसांनी मला देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या शेजारी एक दगड दिसला. काळा, गुळगुळीत, चिकूएवढा. मी मनात म्हटलं, यांनी आणला असणार. काही न सांगता वस्तू आणून ठेवायची त्यांना जुनी खोड आहे. देव्हाऱ्यात ठेवलाय म्हणजे साधा नसणार. मी त्याला रोज आंघोळ घालायला लागले, गंध लावायला लागले, फूल वाहायला लागले. एकदा दुधाचा नैवेद्यसुद्धा दाखवला. असे पंधरा दिवस गेले. एका दुपारी हे घरी होते, जेवण झालं होतं, पोरगी खाली बसून चित्र काढत होती. मी सहज म्हटलं, "ह्यो धोंडो तुम्ही जत्रेतसून हाडलास ना? खंयच्या देवाचो?"

"मी?" हे म्हणाले. "मी कशाक धोंडो हाडू? माका वाटला, मराठी मंडळातल्या पुण्याच्या त्या बायो नेपाळाक गेलेल्यो, त्यांतल्या कोणी तुका शाळिग्राम दिल्यान."

 म्हणजे पंधरा दिवस मी गंध लावत होते आणि हे कामावर जाताना हात जोडत होते, ते कुणाला? खाली पेन्सिल थांबली होती. पोरगी उठली, देव्हाऱ्यापाशी आली, दगड उचलला आणि त्याच्यावरचं गंध फ्रॉकला पुसलं.

"बेटाचा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. शांतपणे, तुकड्या-तुकड्यांत, पण सगळं. इकडे यायच्या आधी आजी तिला बेटावरच्या देवाचा निरोप घ्यायला होडीच्या धक्क्यावर घेऊन गेली. आजी काठावरच थांबली आणि ही शेजाऱ्यांबरोबर बेटावर गेली. तिथं हिनं कुणाचं लक्ष नाही बघून दगड उचलला. चुकून नव्हे. ठरवून. "दगड माझ्याकडे, म्हणजे मला परत जायला लागणार. देव नेणार. कुणी नाही म्हणू शकत नाही." इतके महिने तो तिच्या दप्तराच्या तळाशी होता. पण आईचा हात दुखावला तेव्हा ती घाबरली. देवानं राग हिच्यावर काढायचा सोडून आईवर काढला. म्हणून तिनं दगड माझ्या देवांत आणून ठेवला. "तुझे देव त्याच्याशी बोलतील. टेटपर्यंत थांब म्हणतील."

मला हसावं की रडावं कळेना. मोठ्या माणसांनी अटी घातल्या, मुदती ठरवल्या, व्हिसाचे कागद केले, आणि या आठ वर्षांच्या पोरीनं थेट देवालाच कामाला लावलं होतं.

संध्याकाळी मी तिच्या आईला सांगितलं. दोन्ही गोष्टी सांगितल्या, परत जाण्यासाठी दगड उचलला हेही, आणि तुझा हात दुखावला म्हणून देवांत ठेवला हेही. पण तिनं पहिलीच ऐकली. पट्टीचा हात मांडीवर घेऊन ती माझ्या सोफ्यावर बसून राहिली. "आमच्याकडे दरोडेखोरसुद्धा त्या बेटावरचं पान उचलत नाही, ची," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे राहायला लागू नये म्हणून हिनं देवाकडे चोरी केली." मी तिला पुन्हा हाताचं सांगायला गेले, तर तिनं मान हलवली. टेटला तीन आठवडे उरले होते.

आता गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी ठरवलं, गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे देवाशी काही अडलं, की नारळ ठेवून मोठ्यानं त्याला सगळं सांगतात, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. यांचे वडील गावात देवळाचे मानकरी, गाऱ्हाणं तेच घालायचे. मी यांना म्हटलं, समुद्र सगळा एकच. इथल्याच अरादच्या काठावर उभं राहून त्या देवाचा दगड त्याला परत करू, म्हणजे पोरीच्या मनातली परत जायची गाठ सुटेल. हे आधी नाही म्हणाले. मग नेहमीप्रमाणे हो म्हणाले.

शुक्रवारी सकाळी आम्ही चौघं अरादच्या किल्ल्यापलीकडच्या किनाऱ्यावर गेलो. जानेवारीचा गार वारा. लोक चालायला, पळायला आलेले. यांनी जॅकेट घातलेलं, हातात नारळ, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागले. मी म्हटलं, "अहो, देव काय तुमच्या खिशात आसा? मोठ्यान म्हणा." त्यांनी घसा खाकरला, डोळे मिटले, आणि मग त्यांच्या तोंडून त्यांच्या वडिलांचाच आवाज आला.

"बा देवा म्हाराजा, समुद्राच्या राजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं.

"आज ह्या चेडवान अजाणपणी तुझ्या बेटावरचो धोंडो आपल्यावांगडा हाडलो, तो तुझो तुका परत करतंव."

"व्हय म्हाराजा!" आता पोरीची आईसुद्धा म्हणाली.

"काय चुकला-माकला असात ता पोटात घाल. ह्या चेडवाक आणि त्येच्या आवशीक सुखी ठेव, आणि त्यांचा मन एका जाग्यार बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज पोरीचा. तिला तो प्रकार फारच आवडला होता. पळणारा एक माणूस थांबून बघायला लागला. यांनी नारळ पाण्यात सोडला आणि पोरीला म्हणाले, आता दगड टाक.

पोरगी हलली नाही. तिनं यांना विचारलं, "हा समुद्र त्या समुद्राला लागतो?" हे इंजिनिअर. लगेच खाली बसले आणि वाळूत काडीनं नकाशा काढायला लागले. हे बहारीन, हे आखात, ही चिंचोळी वाट, हा आपला समुद्र, असा भारताला वळसा, असं इकडून, आणि हे तुझं गाव. लागतो की नाही? पोरीनं काडीच्या रेघेवरून चालत जाऊन बघितलं. तिला बरीच पावलं टाकावी लागली. मग म्हणाली, "फार लांब आहे. दगड चालणार कसा?"

यांनी काडी टाकून हात झटकले.  तिची आई पुढे झाली आणि तिनं पोरीसमोर हात पसरला.  पोरगी दगड छातीशी धरून दोन पावलं मागे सरली. आईनं हात तसाच थोडा वेळ ठेवला आणि मग मागे घेतला. "खलास," ती म्हणाली. परत येताना गाडीत तिनं मला सांगितलं, की ती टेटची तिकिटं काढणार आहे. स्वतःचं जाण्या-येण्याचं, मुलीचं फक्त जाण्याचं. मला माझाच राग आला. गाऱ्हाण्याचा घाट मी घातला नसता, तर तो पसरलेला हात तसा रिकामा राहिला नसता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिनं मुद्दाम दुपारची सुट्टी काढली. आपल्या आईला सगळं सांगायचं म्हणून ती तीन वाजता पोरीबरोबर आमच्याकडे आली. रोजच्यासारखा फोन मी साखरेच्या डब्याला टेकवला. पडद्यावर आधी कान आणि मग आजी. पोरगी नेहमीसारखी उसळली, आणि मग तिला आठवलं की आई शेजारी आहे. पण हसू आलं होतं ते आलंच होतं. आईनं ते पाहिलं. इतके महिने मी लपवलेलं तिनं एका क्षणात पाहिलं, आणि माझ्याकडे एकदा बघून मान खाली घातली.

मग तिनं आपल्या आईला सांगितलं. बेट, दगड, सगळं. मध्ये मध्ये मला इंग्रजीत सांगत होती, म्हणून मला कळलं. पोरगी ताठ बसली होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिला ठाऊक होतं, की आजी नियमांची पक्की आहे. चुकून पायाला लागलेली वाळूसुद्धा बेटावरच झटकून या, असं बजावणारी बाई. ती आता म्हणणार, की आणून ठेव, लगेच ये. या एका वाक्यासाठी पोरीनं चार महिने वाट पाहिली होती.

आजीनं हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, दगड दाखव. पोरीनं तो फोनजवळ धरला. आजीनं चष्मा शोधला, लावला, पुन्हा बघितलं.

"हा बेटावरचा नाही," आजी म्हणाली.

पोरगी काहीतरी ओरडली. आईनं मला सांगितलं, ती म्हणतेय, मी स्वतः उचललाय.

"तू उचललास तो मी त्याच रात्री तुझ्या दप्तराच्या तळातून काढला," आजी म्हणाली. "कशासाठी उचललास तेही मला कळलं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तो ठेवून आले, आणि देवाला सांगून आले, की पोर लहान आहे. त्याच्या जागी तुझ्या दप्तरात मी हा ठेवला. हा आपल्या अंगणातला आहे, पाण्याच्या रांजणाखालचा. देवाचं तुझ्याकडे काही नाही. तुला परत यायची जरुरी नाही."

आईचा आवाज हे मला सांगता सांगता बारीक होत गेला. शेवटी ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "माझे वडील समुद्रात बुडाले तेव्हापासून आई होडीत पाय ठेवत नाही. म्हणून तर पोरीला शेजाऱ्यांबरोबर पाठवलं होतं. अठरा वर्षं झाली." मी त्या म्हातारीकडे बघत राहिले. ती खरं बोलत असेल, तर ती होडीत चढली होती. खोटं बोलत असेल, तर देवाच्या नावानं खोटं बोलली होती. या दोन्हींपैकी एकही गोष्ट तिनं त्या अठरा वर्षांत केली नव्हती. खरं काय ते मला आजवर कळलेलं नाही, आणि तिच्या लेकीनंही तिला कधी विचारलेलं नाही.

पोरगी दगडाकडे बघत होती. मग फोनकडे. मग ती रडायला लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. साधं रडणं नव्हे, हंबरडा. मी तिच्या अगदी जवळ होते, माझे हात आपोआप पुढे झाले. ती माझ्या हाताखालून गेली आणि आईच्या अंगावर आदळली. आईला तिनं मुठींनी मारलं, पोटात, मांडीवर, दुखऱ्या हातावरसुद्धा. मग तिचा कुडता मुठीत धरून त्यात तोंड खुपसलं. आईनं दुखऱ्या हातासकट दोन्ही हात तिच्याभोवती टाकले आणि तिथंच जमिनीवर बसली. दोघी एकाच सुरात रडत होत्या.

फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला होता, आणि आजीला त्यातून फक्त माझ्या ओट्याच्या फरशा दिसत असणार. ती काहीतरी म्हणाली. मला तिची भाषा येत नाही. तिनं हातानं खूण केली, फोन वळव. मी तो उचलला आणि त्या दोघींकडे धरला. पोरीनं वर बघितलं नाही. पोरीच्या आईनंही नाही. हात भरून आला तरी मी तो तसाच धरून उभी राहिले. आजीचा चेहरा अगदी जवळ आला, आणि या वेळी फोन तिनं नीट धरला होता. ती पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिनं एक बोट पुढे केलं आणि कॉल बंद केला.